शेगडीच्या तारेचे टोक

घोडेगाव, ता. आंबेगाव
दिनांक ९ जून २०२५

श्री. पीयूष सुवालाल मुथा यांस,

‘सप्रेम नमस्कार’ असे लिहिण्याची रीत आहे. या पत्रात ती पाळणे मला शक्य नाही. म्हणून केवळ नमस्कार.

काल सायंकाळी आपल्या वडिलांच्या दुकानावरून जात असता सुवालालजींनी मला हाक मारली. “सर, अहो सर, इकडं या! पोरानं तुमचं नाव छापून आणलंय, परदेशात!” असे म्हणत त्यांनी गल्ल्यामागून आपला शोधनिबंध काढला, तो शेजारच्या गेणभाऊ टेलरला दाखवला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. पेढा तसाच हातात धरून मी निबंध उभ्याने वाचला. परत करणे असभ्यपणाचे झाले असते म्हणून पेढा घरी आणला. तो अद्याप ताटलीत आहे.

आपल्या निबंधाचा विषय मला परका नाही. २०१४ साली पुण्याच्या एका संस्थेने आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाला शिकवण्यासाठी एक छोटा स्कॅनिंग मायक्रोस्कोप दिला. त्याला भिंग नसते. धातूचे एक अतिसूक्ष्म टोक वस्तूच्या पृष्ठभागावरून, त्याला न टेकता, सरकत जाते. मधल्या फटीतून झिरपणारा विजेचा प्रवाह मोजून संगणक पृष्ठभागाचे चित्र काढतो. टोकाच्या अग्रभागी एखादाच अणू पुढे असेल तर ग्रॅफाइटचे अणू ओळीने मांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारखे दिसतात. संस्थेने दिलेली प्लॅटिनमची टोके चार महिन्यांत संपली. पुढील टोकांसाठी मी सहा पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. यंत्रावर कापड पडले.

ते कापड कोणी काढले? तुटलेल्या विजेच्या शेगडीच्या कॉइलपासून, म्हणजे टाकाऊ नायक्रोमच्या तारेपासून, कामाची टोके कोणी बनवली? माझी पत्नी कै. सौ. अंजना हिने. तिने आधी बल्बची तार घेतली, ती ठिसूळ निघाली. पेन्सिलीचे शिसे घेतले, त्याचा भुगा झाला. तुणतुण्याची पोलादी तार घेतली, ती तिसऱ्या दिवशी गंजली. त्यानंतर ती शेगडीकडे वळली. दहावी उत्तीर्ण असलेल्या एका स्त्रीने, कोणीही न सांगता, हा क्रम लावला.

आणि आपल्या निबंधाच्या अखेरीस काय छापले आहे? ‘प्रा. चांगदेव पोखरकर, घोडेगाव, यांच्या मूळ पद्धतीवर हे काम आधारलेले आहे. त्यांचे आम्ही ऋणी आहोत.’ अंजनाचे नाव चौदा पृष्ठांत कोठेही नाही. तिला जाऊन चौदा महिने झाले. तिचे श्रम माझ्या नावावर चढवून आपण माझा गौरव केला, अशी आपली समजूत असेल तर ती चुकीची आहे. आपण एका मृत स्त्रीचे काम तिच्या नवऱ्याला देऊन टाकले आहे. तिचे नाव निबंधाच्या लेखकांत छापले जाईपर्यंत या विषयाचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

आपला,
चांगदेव विष्णू पोखरकर
(निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक)


पुणे
१८ जून २०२५

आदरणीय सर,

सादर प्रणाम. तुम्ही मला ‘आपण’ म्हणून लिहिलेत तेव्हाच कळले की गोष्ट गंभीर आहे. बारावीत मी अॅमीटर जाळला तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गासमोर ‘गाढवा’ म्हणाला होतात. ते यापेक्षा फार सुखाचे होते.

काकूंचे नाव घालायला मला आनंदच होईल, सर. नियतकालिकाला दुरुस्ती छापता येते. त्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत अर्ज करायचा आहे. अडचण एवढीच की ते माझ्या शब्दावर नाव घालणार नाहीत. त्यांना लेखी पुरावा लागतो, आणि आज या पद्धतीचा लेखी पुरावा एकच आहे. तो मी निबंधात संदर्भ म्हणून दिला आहे. २०१६ साली जुन्नरला झालेल्या अल्पखर्चिक शैक्षणिक साहित्य स्पर्धेची पुस्तिका, पान एकवीस. तिथे छापले आहे, ‘संकल्पना व निर्मिती: प्रा. चां. वि. पोखरकर’. तुम्हाला पहिला क्रमांक मिळाला होता.

म्हणून विनंती अशी की तुम्ही सही करून द्यावे, की पद्धत तुमची नसून काकूंची होती आणि पुस्तिकेतला उल्लेख बरोबर नाही. दोन ओळी पुरतील. तुमच्याखेरीज दुसरे कोणी ते लिहून देऊ शकत नाही.

आणखी एक. पुस्तिकेत लिहिले आहे की शंभर टोकांपैकी सत्तर चालतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही अगदी तुमच्या शब्दांप्रमाणे केले: ‘तार हाताने हलका ताण देऊन ४५ अंशांत कापावी.’ शंभरात बारा चालली. निबंधात मी बाराच लिहिले आहेत. लिहिताना काही राहून गेले आहे का, सर?

आईने तुमची चौकशी केली आहे. जेवणाचे हाल करू नका.

तुमचा विद्यार्थी,
पीयूष


घोडेगाव
दिनांक २७ जून २०२५

श्री. पीयूष मुथा यांस,

आपल्या पत्राला उत्तर देण्यापूर्वी मी आठ दिवस थांबलो, कारण रागात लिहिलेले पत्र सदोष असते, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. आठ दिवसांत राग वाढला.

माझ्याकडून आपण ‘दोन ओळी’ मागता. त्या दोन ओळींचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे काय? बत्तीस वर्षे ज्याने एकाही विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत न केलेल्या प्रयोगाचे वाचन मान्य केले नाही, त्या मनुष्याने आपण चोर असल्याचे स्वहस्ते लिहून द्यावे, असा त्याचा अर्थ आहे.

स्पर्धा शिक्षकांसाठी होती. प्रवेशपत्रावर ‘शिक्षकाचे नाव’ असा एकच रकाना होता. पत्नीचे नाव लिहावयाचे कोठे, समासात? या दोन तालुक्यांतील कोणत्याही शिक्षकाला विचारावे. चिमाजी बांगर सरांचा ज्वालामुखी त्यांच्या मेहुणीने रंगवला होता. भूगोलाच्या लेंडे बाईंचे उठावाचे नकाशे त्यांचे यजमान लगद्यातून करीत आणि बाई रात्री त्यांवर नद्या काढीत. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शिक्षकाचे सारे घर डिंकाने माखलेले असते आणि व्यासपीठावर शिक्षक एकटा जातो. ही रीत आहे. तिला आजवर कोणी चौर्य म्हटले नाही, आणि अंजनानेही म्हटले नाही. प्रमाणपत्राला चौकट तिनेच करून आणली.

आपल्या बारा टोकांविषयी. पुस्तिकेतील कृती परिपूर्ण आहे. आपल्या सहकाऱ्यांच्या हातांना वळण नाही, हा दोष कृतीचा नव्हे. महाविद्यालयातील यंत्र अद्याप चालू आहे. प्राचार्यांच्या अनुमतीने मी उद्यापासून तेथे जाऊन पुस्तिकेप्रमाणे शंभर टोके कापणार आहे व त्यांतील सत्तरांची चित्रे आपणांस टपालाने पाठवणार आहे. ती पाहून आपण अंजनाचे नाव माझ्या निवेदनाशिवाय घालाल, अशी अपेक्षा आहे. पुरावा म्हणून एवढे पुरे असावे.

चां. वि. पोखरकर


पुणे
६ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

सादर प्रणाम. पत्राची वाट पाहून आता मीच लिहितो आहे. सत्तर चित्रे आली नाहीत. एकही आले नाही. बाबा फोनवर म्हणाले, “सर रोज सकाळी कॉलेजात जातात, दुपारी येतात. दुकानातून दुसऱ्यांदा कॉइल नेली. हाक मारली तर बघत नाहीत.”

सर, मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. ती आता लिहितो.

पद्धत काकूंची आहे हे मला पहिल्यापासून माहीत होते. अकरावीत असताना शनिवारी मी दुकानात बसायचो. काकू यायच्या आणि दुरुस्तीला आलेल्या, वाया गेलेल्या शेगड्यांची टोपली उलटी करायच्या. बाबा चेष्टा करायचे, “वहिनी, एवढ्या तुटक्या शेगड्या? सरांना उपाशी ठेवता का?” त्या म्हणायच्या, “सरांना नाय हो, सरांच्या मशीनला जेवण पायजे. लई नखऱ्याचं हाय.” मग तार उजेडाला धरून नखाने दाबून बघायच्या आणि दहातली एक निवडायच्या. मी विचारले, एकच का? त्या म्हणाल्या, “जी जास्त तापून लाल झालेली असती ती नको. ती रुसकी असती, मधीच तुटती.” हे वाक्य माझ्या निबंधात आहे, सर. इंग्रजीत तीन परिच्छेद झाले त्याचे. पुस्तिकेत ते नाही.

जुन्नरच्या स्पर्धेलाही मी होतो. तुमची पेटी मीच उचलून आणली होती. काकू तिसऱ्या रांगेत डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. परीक्षकांनी तुम्हाला विचारले, “तारेला ताण किती देता?” तुम्ही म्हणालात, “हलका.” त्यांनी पुन्हा विचारले, “हलका म्हणजे किती? मोजलाय का?” तुम्ही म्हणालात, “सरावाने येतो.” तेव्हा काकू अर्ध्या उठल्या होत्या. काहीतरी सांगायला तोंड उघडले आणि तुमच्याकडे बघून परत खाली बसल्या. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. तुम्ही परीक्षकांकडे बघत होतात. मी त्यांच्याकडे बघत होतो.

निबंध लिहिताना मी त्यांचे नाव घातले असते तर पुस्तिका खोटी पडली असती, आणि पुस्तिका खोटी म्हणजे तुम्ही खोटे. मला ते धैर्य झाले नाही. म्हणून तुमचे आभार मानले आणि स्वतःला सांगितले की हा आदर आहे. तुमच्या पहिल्या पत्राने माझी झोप उडाली, कारण तुम्ही मला ज्याबद्दल रागावलात ते खरेच होते. पण सर, मग तुमच्या दुसऱ्या पत्राचा मलाही राग आला. ‘रीत आहे’ असे तुम्ही आम्हाला कधी लिहू दिले नाहीत. उत्तर बरोबर असले तरी कृती नसेल तर शून्य द्यायचात.

३० सप्टेंबरला अजून वेळ आहे. उद्धटपणाची क्षमा असावी.

पीयूष


घोडेगाव
दिनांक २४ ऑगस्ट २०२५

चि. पीयूष,

तुझे पत्र मिळाले. ते उद्धट आहे व अचूक आहे. मी ते तीनदा वाचले; पहिल्या वेळी फाडण्याच्या बेतात होतो.

मी शंभर नव्हे, दोनशे अकरा टोके कापली. तेवीस चालली. प्रथम तारेला दोष दिला, मग कटरला, मग यंत्राला, मग प्रयोगशाळेच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला. पाटीवर कोन आखून ४५ अंश पुनःपुन्हा तपासले. अखेर मला आठवले, की ते ४५ अंश अंजनाने सांगितलेले नव्हतेच. स्पर्धेचा अहवाल लिहिताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला विचारले होते, “तार कशी कापतेस?” ती म्हणाली, “तिरपी. ताण देऊन.” अहवालात ‘तिरपी’ शोभत नाही म्हणून मी अंश घातले. ‘ताण’ कसा, हे विचारण्यास पुढे कणीक मळून होईपर्यंत थांबावे लागले असते. मी थांबलो नाही. दर सोमवारी टेबलावर एका डबीत कापसावर मांडलेली टोके मला तयार मिळत. ती डबी कशी भरते, हे मी दोन वर्षांत एकदाही पाहण्यास गेलो नाही.

कोणाला विचारावे? आपल्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या ठमाबाई तुला आठवत असतील. शनिवारी दुपारी अंजना तार कापी तेव्हा त्या तेथे असत. निवृत्तीनंतर त्या डिंभ्याला लेकाकडे राहतात; तो धरणात मासेमारी करतो. मागच्या मंगळवारी मी सकाळच्या गाडीने निघालो, ती आली नाही; अकराच्या जीपने गेलो. ठमाबाई अंगणात फाटके जाळे विणीत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

“या सर. सोळा महिन्यांनी सवड झाली व्हय?”

मी येण्याचे प्रयोजन सांगितले. त्यांनी जाळे खाली ठेवले.

“म्हंजी बाई कशी कापायची ते तुमाला ठावं नाय?”

मी म्हणालो, नाही.

“आन् बक्षीस घेतलंत?”

मी त्यांना प्रवेशपत्रावरील रकान्याविषयी सांगू लागलो. त्यांनी मध्येच हात वर केला. “ऱ्हाऊ द्या तो रकाना. हिकडं बसा. खाली बसा, खुर्ची नाय. ओळंबा लावायची ती. बापाचा पितळी ओळंबा व्हता तिच्याकडं, सावळेराम गवंड्याचा. तार खिळ्याला टांगायची, खाली ओळंबा. मंग गप बसायची. लई येळ. मी म्हनायची, बाई, कापा की आता, मला फरशी पुसायचीय. ती म्हनायची, थांब ठमाबाई, अजून हलतोय. पार थांबला, की वरनं तिरपा कटर लावायची आन् दाबायची. अर्धी तार कापली की खालचा ओळंबा बाकीची वढून तोडायचा. ती म्हनायची, टोक मी करत नाय, ओळंबा करतो. मी नुसती सुरुवात करून देती.”

पीयूष, तू पदार्थविज्ञानाचा मनुष्य आहेस. तुला समजले असेल. हाताचा ताण दर वेळी वेगळा व कापरा असतो. ओळंब्याचा ताण एकच आणि सरळ खाली. शेवटचा धागा कापला जात नाही, ओढून तुटतो, आणि तेथेच टोक होते. परीक्षकांच्या ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या रांगेत बसले होते.

मी ठमाबाईंना विचारले, हे तिने मला का सांगितले नाही? त्या पुन्हा जाळे विणू लागल्या होत्या. म्हणाल्या, “सांगनार व्हती. तुमीच एकदा सगळ्या मास्तरांम्होरं म्हनला व्हता, ‘आमच्या हिला थापी दिली तर भिंत बांधेल, पण विज्ञान वेगळं.’ सगळी हासली. मी चहा घेऊन आले व्हते तवा. तवापास्नं ओळंबा पिशवीच्या तळाशी ठेवायची. म्हनायची, सरांना नको सांगू, गवंड्याची लेक कॉलेजात गवंडीकाम करती म्हनतील.”

ते वाक्य मी बोललो होतो. विनोद म्हणून. मला ते आठवत नव्हते. तिला दहा वर्षे आठवत होते.

ओळंबा घरी फडताळात सापडला. बुधवारपासून मी तिच्या रीतीने टोके कापतो आहे. पहिल्या दिवशी पन्नासात एकोणीस चालली, काल पन्नासात एकतीस. सत्तरीला पोहोचण्यास मला आणखी काही महिने लागतील. ओळंबा थांबेपर्यंत बसणे मला जमत नाही. मी घाई करतो.

गुरुवारी ते प्रमाणपत्र चौकटीसह घेऊन, ज्या कार्यालयाने दिले तेथे गेलो. म्हणालो, हे परत घ्यावे व नोंद दुरुस्त करावी. तेथील तरुण लिपिक भला होता. “कशाला सर? न्या घरी. नऊ वर्षं झाली.” मी म्हणालो, ते माझे नाही. तो म्हणाला, “मग कुणाचंय? पत्ता हाय का त्यांचा?” मी सांगितले, माझ्या पत्नीचे; ती हयात नाही. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, “परत घ्यायचा फॉर्म नाय सर आमच्याकडं. द्यायचाच हाय.” माझा आवाज चढला. बत्तीस वर्षांत शासकीय कार्यालयात मी आवाज चढवला नव्हता. बक्षीस देण्यास रकाना आहे, घेण्यास रकाना आहे, आणि ते चुकीचे होते असे सांगण्यास नाही! मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला आणि आवक क्रमांकाचा शिक्का मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही. त्याची प्रत सोबत आहे. तुझ्या नियतकालिकासाठी निवेदनही सोबत आहे. तू दोन ओळी मागितल्या होत्या; त्या चार झाल्या आहेत, कारण दोनमध्ये ते खरे होत नव्हते.

‘मी, चांगदेव विष्णू पोखरकर, लिहून देतो की शेगडीच्या नायक्रोम तारेपासून सूक्ष्मदर्शकाचे टोक बनवण्याची पद्धत, तारेची निवड आणि ओळंब्याने ताण देण्याची रीत यांसह, सर्वस्वी माझी पत्नी अंजना हिची आहे. २०१६ च्या पुस्तिकेत ती माझी असल्याचे मी छापू दिले. ते असत्य होते व ते असत्य असल्याचे मला तेव्हाही ठाऊक होते. त्या पुस्तिकेतील कृती अपुरी आहे, कारण मी तिला पुरते विचारले नाही.’

सही केली आहे. साक्षीदार म्हणून ठमाबाईंचा अंगठा आहे; तो शुक्रवारी पुन्हा डिंभ्याला जाऊन घेतला. त्या म्हणाल्या, “हे आधी करायचं.”

मी तुला चोर म्हणालो नाही, परंतु तसे वागवले. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो.

तुझा,
चांगदेव पोखरकर


पुणे
१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

सादर प्रणाम. दुरुस्ती मंजूर झाली. छापील पान सोबत आहे. दुसऱ्या क्रमांकाला काकूंचे नाव आहे, माझ्या नावाच्या लगेच खाली. आमच्याकडे ओळंब्याने शंभरात चौसष्ट टोके चालली. तो आकडाही बदलला. सगळे शहाणे लोक प्रयोगशाळेत तार टांगून गप्प बसलेले असतात, ते बघायला तुम्ही एकदा यायला हवे. कोणी खोकले तरी बाकीचे डोळे वटारतात.

दोन गोष्टींवर तुम्ही रागावाल, म्हणून आधीच सांगतो. नावापुढे छोटी खूण आहे. लेखक हयात नाही असा तिचा अर्थ. अर्थ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. ही त्यांची पद्धत आहे, मी बदलू शकलो नाही. दुसरे, लेखकाची संस्था लिहावी लागते. कॉलेजला विचारले तर ते म्हणाले, त्यांचे नाव आमच्या हजेरीपटावर कधीच नव्हते. माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांनी ‘गृहिणी’ सुचवले. मला ते बरे वाटले नाही. मी तुमच्या घराचा पत्ता घातला आहे, नुसता.

बाबांनी ते पान दुकानात लावले आहे. गेणभाऊ विचारत होते म्हणे, “वहिनींचं नाव इंग्रजीत एवढं मोठं होतं व्हय?”

तुमचा,
पीयूष


घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे
दिनांक १२ डिसेंबर २०२५

कु. अक्षदा वळवी,
पदार्थविज्ञान शिक्षिका, जि. नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

आपले २ डिसेंबरचे पत्र ‘डॉ. अंजना पोखरकर’ या नावाने पोहोचले. पोस्टमन गोरख यांनी अंगणातूनच विचारले, “सर, बाईंना डॉक्टर कवा केलं?” बाहेरगावच्या कोणी तिच्या एकटीच्या नावाने लिहिलेले हे या घरातील पहिले टपाल आहे. दुसऱ्याच्या नावाचे पत्र उघडावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. उत्तरावाचून राहिलेल्या पत्रांविषयी मला पूर्वीपासून चीड आहे, म्हणून उघडले.

अंजना पोखरकर यांना पीएच. डी. नव्हती. त्या हयात नाहीत; निबंधातील खूण बारीक असल्याने आपल्या लक्षात आली नसावी. मी त्यांचा पती आहे. आपल्या महाविद्यालयातील मायक्रोस्कोप टोकांअभावी दोन वर्षे कापडाखाली आहे, आणि संस्था पत्रांना उत्तर देत नाही, असे आपण लिहिता. ते वाचून मला जो संताप आला तो येथे विस्ताराने लिहीत नाही. त्या संस्थेला मी स्वतंत्र पत्र पाठवले आहे. आपल्या प्रश्नांची उत्तरे मात्र आजच देणे शक्य आहे.

तार शेगडीची घ्यावी. नवी नको, फार जळलेलीही नको. उजेडात धरून नखाने दाबावी, कडक लागली तर टाकावी. वीतभर सरळ करून खिळ्याला टांगावी. खाली गवंड्याचा ओळंबा बांधावा. आपल्या गावी कोणाही गवंड्याकडे मिळेल. त्याला तो कशासाठी हवा आहे ते सांगावे, लपवू नये. ओळंबा पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नये. मग कटर तिरपा धरून दाबावा. कोन मोजू नये. अर्धी तार आपण कापावयाची, उरलेली ओळंब्यावर सोडावयाची. टोकाला बोट लावू नये व त्याच दिवशी वापरावे.

‘अंजनाताईंनी ओळंबा थांबल्याचे कसे ओळखले? डोळ्यांनी की घड्याळाने?’ असे आपण विचारले आहे. हा प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर मला माहीत नाही. त्या माझ्या शेजारच्या खोलीत एकोणतीस वर्षे होत्या आणि मी त्यांना तो विचारला नाही. आपण स्वतः करून पाहावे व जे आढळेल ते मला अवश्य कळवावे.

पाकिटावर नाव त्यांचेच घालावे. टपाल पोहोचते.

आपला,
चांगदेव पोखरकर